शेपटाकडचं पाणी

सामेलकाकांना गप्प झालेलं मी एकदाच पाहिलं. एरवी त्या माणसाला गप्प करणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. कोंबडी खुडूक बसली, सायकल पंक्चर झाली, डाळीत खडा आला, कशातूनही येशू त्यांना काहीतरी सांगत असे. आणि येशूने सांगितलेलं शेजाऱ्याला सांगितल्याशिवाय काकांना घास गोड लागत नसे. मी शेजारीण. त्यामुळे गावात सगळ्यात जास्त संदेश माझ्या वाट्याला आले.

गोंदिया वेगळा होऊन भंडारा जिल्हा अर्धा उरला, तेव्हा शिक्षकांच्या बदल्यांचा मोठा घोळ झाला होता. त्या घोळात मी अड्याळपासून आत, एका जुन्या तलावाखालच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर येऊन पडले. एकटी बाई, त्यातून बोलायला फटकळ. खोली मिळता मिळेना. शेवटी सामेलकाकांच्या बायकोने, मार्थाकाकूंनी, त्यांच्या घराच्या बाजूची खोली उघडून दिली आणि दारातच बजावलं, "खोली घ्या बाई, पन याहिचं बोलनं आयका लागन. मी आता थकली."

मी हसले. महिन्याभरात मीही थकले.

सामेल म्हणजे सॅम्युएल. गावात ख्रिस्ती घर ते एकच. काकांचे आजोबा दुष्काळात अनाथ होऊन मिशनच्या आश्रमात वाढले होते. तिथून ते येशूची भक्ती आणि पाण्यात सूर मारण्याची कला अशा दोन गोष्टी घेऊन गावात परतले. गावाने दुसरी जास्त मनावर घेतली आणि त्यांना तलावाचा पाणकर केलं. तेव्हापासून पाणी सोडायचं काम त्या घरात होतं. तलावातलं पाणी कोणत्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, कधी आणि किती, हे पाणकर ठरवतो. धान कापून झालं की प्रत्येक घर त्याला त्याचा वाटा धानातच देतं.

काका अंगाने थोराड, रंगाने पक्के काळे. पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, ती रविवारीच खाली यायची. पायात कधी काही नाही. लेकीने नागपूरहून आणलेले बूट भिंतीला खिळ्यावर टांगलेले होते, त्यांवर मार्थाकाकू नाताळाच्या आधी फडकं मारत. भंडाऱ्याहून पाद्री कधीमधीच येत. बाकीच्या रविवारी दोघं नवरा-बायको समोरासमोर बसून उपासना करायची. काका गायचे बेसूर आणि दणदणीत. भिंतीपलीकडे मी वह्या तपासत बसलेली, आणि मुलांच्या चुकांवर लाल रेघा ओढताना माझा हात त्या तालावर चालायचा.

आमच्या घरी देव नाही. आई-वडिलांनी आम्हाला बुद्धवंदना शिकवली, आणि कुणी देवाबद्दल बोलू लागलं की उलट प्रश्न विचारायला शिकवलं. हे मी पहिल्याच आठवड्यात काकांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "विचारा ना बाई. येशूलेबी गंज लोक विचारत होते." त्यांनी मला कधी त्यांच्या धर्मात ओढायचा प्रयत्न केला नाही, हे मात्र मला मान्य केलंच पाहिजे. त्यांना ऐकणारा हवा होता, तो कुठल्या धर्माचा आहे याची त्यांना पर्वा नव्हती.

एकदा माझ्या सायकलची हवा गेली. काकांनी ट्यूब बाहेर काढली, हवा भरली आणि परातीतल्या पाण्यात बुडवून फिरवू लागले. एके ठिकाणी बुडबुडे आले. झालं, त्यांचे डोळे चमकले. "पाहा बाई. वरून ट्यूब कशी चांगली दिसत होती. पान्यात बुडवल्याशिवाय भोक सापडते का? म्हून आमच्यात बाप्तिस्मा."

"मग मलाही बुडवता का?"

"तुमची हवा अजून भरून आहे बाई. जवा जाईन तवा पाहू."

मार्थाकाकू चुलीपुढून ओरडल्या, "याहिले भाजी जळली तरी तिच्यात संदेश दिसते. पन भाजी जळून राहिली, ते नाही दिसत!" भाजी खरोखर जळत होती. काका पाठमोरे तिथेच बसलेले.

हे सगळं गमतीचं. पण पाणकराचं काम गमतीचं नव्हतं. गोसीखुर्दचं धरण वैनगंगेवर, ते आमच्यापासून लांब. आमच्या गावाला आपला तलाव आणि तलावाखालच्या धानाच्या बांध्या. पाऊस जरा लांबला की गावातली माणसं एकमेकांशी मोजून बोलू लागत. पाटावर माणूस दिसला की त्याच्या हातातल्या फावड्याकडे आधी नजर जाई. भावाभावांत डोकी फुटलेली. काका पाटावर निघाले की मार्थाकाकूंचं लक्ष कामात नसे, ताकाचं भांडं हातात घेऊन त्या दाराशी उभ्या राहत.

माझ्या डोळ्यांपुढे घडलेली एक गोष्ट सांगते. श्रावणातली दुपार. मी शाळेतून परतत होते. शालिक नावाच्या एका तरण्या शेतकऱ्याने पाटाची कड फोडून आपल्या बांधीत पाणी घेतलं होतं. पाळी दुसऱ्याची होती. काकांना ते पाटात पाय ठेवताच कळलं. पाण्याची ओढ त्यांना पायाच्या बोटांत समजायची. त्यांनी आरडाओरडा केला नाही. फुटलेल्या जागी ते सरळ पाठ टेकून बसले आणि आपल्या अंगानेच भोक बुजवलं. वर भजन सुरू. शालिक फावडं घेऊन धावत आला.

"उठ सामेल! नाहीतर फावडं घालीन!"

"घाल बाप्पा. पन पयले चिखल आन. मी उठलो का पानी जाईन ना."

शालिकचं फावडं वर गेलेलं, काका बसलेले, पाणी त्यांच्या खांद्याला लागलेलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग शालिकने फावडं खाली केलं, रागारागाने चिखल उचलला आणि काकांच्या पाठीमागे थापू लागला. थापताना शिव्या देत होता. काका उठले, अंग झटकलं आणि ओल्या कपड्यांनी माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आले. वाटेत संदेश आलाच. "मानसाच्या मनालेबी भोक पडते बाई. त्याले बोलून फायदा नाही. चिखल येतपर्यंत कोनीतरी भोकात बसून राहा लागते."

मी म्हटलं, "आणि त्याने फावडं घातलं असतं तर?"

"तवा मार्था तुमच्यासंग जेवली असती," ते म्हणाले आणि हसले. मला हसू आलं नाही. मी त्यांच्यावर मनापासून चिडले होते. चिडले होते, कारण तोवर मला त्यांचा लळा लागला होता.

आता मुख्य गोष्टीकडे येते. सगळीकडे तलावाचं पाणी वरून खाली देतात. तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या भिंतीला, लागून असलेली बांधी आधी भरते, मग तिच्या खालची, मग त्याखालची. शेपटाकडच्या बांध्यांना उरलंसुरलं. काकांच्या वडिलांपर्यंत हीच रीत होती. काकांनी ती उलटी केली. त्यांच्या हातात काम आलं तेव्हापासून पाणी पाटाने आधी थेट शेपटाला जाई आणि तिथून वर वर सरकत येई. काकांची स्वतःची बांधी अगदी पाळीखाली, सगळ्यात वर. म्हणजे त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी.

हे खूळ कुठून आलं विचारलं तर ते येशूने सांगितलेली द्राक्षमळ्याची गोष्ट सांगत. मालकाने दिवसभर राबलेले मजूर थांबवून ठेवले आणि दिवस मावळताना आलेल्याला आधी बोलावून मजुरी दिली. मी म्हणायची, "काका, पाणी वरून खालीच जाणार. तुमचा येशू काय करेल?"

"खालीच जाते ना बाई! म्हून तर खालच्याचा हक्क पयला. वरचे लोक मधातच उभे आहेत."

शेपटाला जमीन कुणाची होती, हे सांगायला नको. आमच्या लोकांची, आणि सुगंधाबाईसारख्या एखाद्या विधवेची. सुगंधाबाईची तिथे एकच बांधी होती आणि त्या बांधीवर तिचं आणि तिच्या सासूचं वर्ष निघे. तलाव भरलेला असे तोवर काकांचं उलटं पाणी वरच्यांनी चालवून घेतलं. सगळ्यांचं भागत होतं. पाणकर जरा येडा आहे, पण चोर नाही, एवढ्यावर गाव समाधानी होतं.

मग ते वर्ष आलं. पोळ्यानंतर पाऊस जो गेला तो परत फिरकलाच नाही. तलाव अर्धाही भरला नव्हता. नवरात्राच्या सुमारास धान निसवलं, लोंब्या बाहेर आल्या. दाणा भरायला एक पाणी हवं, नाहीतर लोंबी उभी राहते आणि आत काही नसतं. तलावात सगळ्या गावाला पुरेल असं एक पाणी नव्हतं. हे लहान पोरांनाही दिसत होतं.

ग्रामपंचायतीपुढे गाव जमलं. मी शाळेच्या ओट्यावरून पाहत होते. डोमाजी उभे राहिले. डोमाजींची जमीन काकांच्या बांधीला लागून, वरून दुसरी. माणूस करडा, पण वाईट नव्हे. शाळेचं छप्पर उडालं तेव्हा स्वतः बैलगाडीने कवेलू आणून देणारे. ते म्हणाले, "यंदा तरी वरून द्या. पाट वाळून भेगाळला आहे. इतक्या लंबा सुक्या पाटातून पानी शेपटाले नेलं तर अर्धं पाटच पिऊन टाकीन. हे धरम नाही, हे नासाडी आहे."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. लोक माना हलवत होते. सुगंधाबाई मागे एका खांबाला टेकून उभी होती, तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला. सगळे काकांकडे बघू लागले.

काका म्हणाले, "शेपटाकडून."

एवढंच. मागून कुणीतरी ओरडलं, "तुले पुन्य पायजे, म्हून आमचं धान मरू देतं का?" बायकांत कुजबुज सुरू झाली. मार्थाकाकू माझ्या बाजूला उभ्या होत्या. त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. त्यांची स्वतःची बांधी सगळ्यात शेवटी येणार होती, आणि ती आली नाही तर वर्षभर चुलीवर काय ठेवायचं हे त्यांनाच बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारं गाव पाळीवर. शाळेत पोरं आलीच नाहीत, मग मीही गेले. तलावाच्या पोटात तुडूम असतं. एकाखाली एक भोकं असलेला तो दगडी खांब, भोकांत लाकडी गुट्टे ठोकलेले. पाणी उतरेल तसा खालचा खालचा गुट्टा काढायचा. त्या दिवशी काढता येण्यासारखा एकच उरला होता. त्याखालचं पाणी गुरांचं, त्याला कुणी हात लावायचा नाही, हा गावाचा जुना नेम. काका पाण्यात उतरले. छातीएवढ्या पाण्यात डोळे मिटून क्षणभर उभे राहिले, ओठ हलले, मग खाली बुडी मारली. वर आले तेव्हा गुट्टा हातात होता. पाळीच्या पलीकडे पाटात पाणी खळखळलं.

दुपार झाली तरी पाणी अर्ध्या पाटाच्या पुढे सरकलं नव्हतं. भेगा पीत होत्या. खेकड्यांच्या बिळांत पाणी गरगर फिरून आत जाई आणि भलतीकडेच पडीक जमिनीत निघे. तलावाची कड सकाळच्या खुणेपासून खाली गेलेली सगळ्यांना दिसत होती. पाळीवरचा आवाज चढत गेला. आणि मला तेव्हा कळलं, काकांच्याही त्याच क्षणी लक्षात आलं असावं, की त्यांच्याकडून मोठी चूक झाली आहे. वाळलेल्या पाटात पाणी सोडण्याआधी पाट तुडवायचा असतो. थोडं पाणी शिंपडत, पायाने चिखल मळत, भेगा आणि बिळं बुजवत पुढे जायचं असतं. धानाच्या मुलखात हे पोराटोरांना ठाऊक. काकांना ठाऊक नसेल? पण आदल्या दिवशीच्या सभेने ते पेटले होते. शेपटाकडून द्यायचं या एका ध्यासात, तिथवर ते पोचवायचं कसं हे त्यांच्या ध्यानातून निसटलं.

डोमाजी आपल्या बांधीच्या तोंडाशी फावडं घेऊन उभे होते. पाट त्यांच्या पायांपुढून जात होता. एक घाव घातला की सगळं पाणी त्यांच्या धानात. त्यांच्यामागे वरच्या बांध्यांचे दहाबारा जण. सामेलकाका पाटातून चालत आले आणि त्यांच्यासमोर थांबले.

"डोमाभाऊ, मी चुकलो. पाट तुडवाले पायजे होता."

डोमाजींना हे अपेक्षित नसावं. ते म्हणाले, "मंग? आता पानी कोन परत आनते? तुया येशू?"

"नाही आनत. गेलं ते गेलं. पन चूक मायी आहे. सुगंधाच्या धानाची नाही."

"अन माया धानाची आहे का?"

"तुमच्या धानाचीबी नाही. तुमच्यानंतर फक्त मायी बांधी राहाते. पानी कमी पडलं तर पयले मायं मरन. थांबता का तेवढं?"

फावड्याचा दांडा डोमाजींच्या मुठीत होता आणि मूठ पांढरी पडली होती. काकांनी त्यांच्याकडे पाठ केली, पाण्याच्या पुढे गेले आणि वाळल्या पाटात उतरून तुडवू लागले. एकटेच. मी त्या उघड्या पाठीकडे बघत होते. मला वाटत होतं, आता फावडं पडणार. पाटावर पडेल की माणसावर, हे सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात मार्थाकाकू माझ्या बाजूने निघाल्या. लुगड्याचा काष्टा खोचला आणि पाटात उतरल्या. तुडवताना तोंडाचा पट्टा चालूच. "म्या सांगतलं होतं पाट पाहा म्हून. आयकतेत का कोनाचं! संदेश पायजे, संदेश!" शेपटाकडून सुगंधाबाई आणि तिच्या वस्तीतल्या बायका तुडवत वर येऊ लागल्या. हळूहळू पाणी पुढे सरकलं. काही वेळाने मी वळून पाहिलं. डोमाजी जागचे हलले नव्हते. पाणी त्यांच्या पायांपुढून वाहत होतं आणि ते बघत होते. त्यांच्यामागचा एक जण म्हणाला, "मारा ना भाऊ." डोमाजी त्याच्यावर खेकसले, "चूप राह्य." मग फावडं जमिनीत रोवून ते त्यावर हात ठेवून उभे राहिले. तसेच दिवस मावळेपर्यंत.

पाणी शेपटाला पोचलं. सुगंधाबाईची बांधी भिजली. मग पाणी एकेक बांधी वर चढत दुसऱ्या दिवशी डोमाजींच्या बांधीपर्यंत आलं. त्यांची अर्धी बांधी भिजली असेल नसेल, तेवढ्यात तलावाची पातळी भोकाच्या खाली गेली. पाट आटला. काकांची बांधी तिथून हाकेच्या अंतरावर, कोरडी ठाक.

खालच्या गुट्ट्यामागे गुरांचं पाणी होतं. ते दोन घटका सोडलं असतं तर काकांचं धान वाचलं असतं. पाळीवर फार माणसं नव्हती. मार्थाकाकूंनी एकदा तुडुमाकडे पाहिलं आणि एकदा नवऱ्याकडे. काका पाण्यात उतरले आणि त्यांनी आदल्या दिवशी काढलेला गुट्टा त्याच भोकात परत बसवून दगडाने ठोकला. तो ठोकण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. ते वर आले तेव्हा मार्थाकाकू म्हणाल्या, "आता याच्यात काय संदेश आहे, तेबी सांगा."

सामेलकाका गप्प झाले. मान खाली घालून, अंगावरून पाणी निथळत, ते तसेच उभे राहिले. मला फार वाईट वाटलं. त्या माणसाची मी इतकी टवाळी केली होती, आणि आता मला वाटत होतं की त्यांनी काहीतरी बोलावं, काहीही, अगदी कोंबडीबद्दल सुद्धा.

कितीतरी दिवस त्या घरातून गाणं ऐकू आलं नाही. रविवारीही नाही. गावात दिवाळीनंतर कापणी सुरू झाली. काकांच्या बांधीतली लोंबी हातात घेऊन चोळली की नुसता कोंडा. त्यांनी ते धान गुरांसाठी कापलं. मी बांधावरून जात होते, तेव्हा विळा थांबवून ते आपणहून बोलले. आवाज एवढा हळू, की मी जवळ गेले.

"मले वाटलं होतं बाई, पुरून जाईन. येशूनं पाच भाकरीत एवढ्या लोकाइले जेवू घातलं होतं. मले वाटलं मायासाठीबी तो पुरवन." मग बराच वेळ विळ्याची धार बोटाने तपासत राहिले. "नाही पुरवलं. कमी पडनारच होतं. कोनाले कमी पडावं, एवढंच आपल्या हातात होतं."

मला उलट प्रश्न विचारायला शिकवलेलं. त्या दिवशी मी बांधीत उतरून त्यांनी कापलेल्या पेंढ्या गोळा करू लागले.

अक्षय तृतीयेच्या सुमारास सालगडी ठरतात, तेव्हाच पाणकरही ठरतो. गावाने त्या वर्षी सामेलकाकांना काढलं. पाणी नासवलं, हा आरोप. आजोबांपासूनचं काम गेलं. काका सभेत उभे राहून म्हणाले, "बरोबर आहे. पाट तुडवला नव्हता." आणि खाली बसले. मला इतका संताप आला की मी ओट्यावरून उठून आत गेले. डोमाजी नवे पाणकर झाले. सुगंधाबाई कापणीनंतर पाणकराचा वाटा म्हणून डोक्यावरून धानाचा भारा आणून मार्थाकाकूंच्या दारात टाकून गेली होती. बाकीच्या शेपटाकडच्या घरांनीही टाकला. त्या धानावर त्यांचं वर्ष निघालं. मार्थाकाकू भात वाढताना म्हणत, "याहिचं पुन्य लय महाग पडलं," आणि वर आणखी एक चमचा वाढत.

काही वर्षांनी माझी बदली झाली. निघाले त्या वर्षीही पाऊस दगा देऊन गेला होता. सामान टेम्पोत चढवलं आणि मी ड्रायव्हरशेजारी बसले. रस्ता पाळीवरून जातो. सकाळची वेळ. पाळीवर डोमाजी उभे, गुट्टा अजून काढलेला नव्हता. खाली पाटात माणसं होती. शेपटापासून पाळीपर्यंत ओळीने, बायका, पोरं, शालिकसुद्धा. सगळी पाट तुडवत होती.

मी टेम्पो थांबवायला लावला. "डोमाभाऊ, शेपटाकडून देता का?"

डोमाजींना ते विचारलेलं आवडलं नाही. "मी काही तुमच्या सामेलच्या येशूचं आयकून नाही करून राहिलो, बाई. पाट तुडवला आहे. तुडवला का पानी जाते. म्हून देऊन राहिलो."

"बरं," मी म्हटलं.

सामेलकाका पाटातच होते, पाळीच्या जरा खाली. केस पांढरे झालेले, पाय तेच. आता त्यांच्या हाती काही अधिकार नव्हता. मला बघून ते थांबले, पण वर आले नाहीत. चिखलात पाय रोवून तिथूनच हात केला. मी निघताना काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, ते सगळं विसरले आणि मार्थाकाकूंचा जुना प्रश्न माझ्या तोंडून निघाला.

"काका, यात काय संदेश?"

त्यांनी क्षणभर विचार केला. मग पाटाकडे बघितलं, शेपटापर्यंत.

"पयले पाट तुडवाचा, बाई," ते म्हणाले. आणि पायाखाली एक बीळ लागलं असावं, कारण ते खाली वाकले आणि टाचेने ते बुजवू लागले.